दुकानाचे कॉलम, भूकंपाचा हिशेब आणि कॉम्प्युटर

फैजपूर, सावदा, रावेर, यावल या आपल्या पट्ट्यात बाजारपेठेचे रूप झपाट्याने बदलले आहे. जुनी धाब्याची घरे पाडून त्या जागी आर.सी.सी.च्या तीन-तीन मजली इमारती उभ्या राहत आहेत. खाली शटरची दुकाने, पहिल्या मजल्यावर माल आणि त्याच्या वर कुटुंबाचे राहणे, असा साधारण नमुना असतो. पूर्वी मिस्त्री आपल्या अनुभवावर कॉलमची जाडी आणि सळईचा हिशेब सांगत असे. आता इंजिनिअर कागदांची जाडजूड फाइल आणून देतो आणि म्हणतो, "सेठ, कॉम्प्युटरवर डिझाइन केले आहे. भूकंपालाही पास आहे." मालक समाधानाने फाइल कपाटात ठेवून देतो. पुढे ती उघडली गेलीच, तर बँकेला कर्जासाठी कागद लागले म्हणून.

'भूकंपाला पास' म्हणजे नेमके काय? कॉम्प्युटरने काय तपासले आणि काय तपासले नाही? माझा स्वतःचा धंदा कापडाचा. सिमेंट-लोखंडाशी संबंध एक गिऱ्हाईक या नात्यानेच आला. परंतु इंजिनिअर मंडळींजवळ बसून, पडद्यावर इमारत हलताना पाहून आणि प्रश्न विचारून जे समजले, ते आपल्या व्यापारी व कारीगर बंधूंसमोर ठेवणे आवश्यक वाटते. कारण या फाइलीतील आकड्यांना अर्थ राहतो की नाही, हे शेवटी या दोघांच्याच हातात आहे.

आपल्याकडे भूकंप होतो का?

भूकंप म्हणजे कोयना, लातूर, नाहीतर कच्छ; खानदेशात कसला भूकंप, असे पुष्कळ लोक म्हणतात. हा समज बरोबर नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या पट्ट्यात ६ पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. शास्त्रज्ञांच्या नोंदीत तो 'सातपुडा भूकंप' या नावानेच ओळखला जातो. तो जमिनीच्या पोटात सुमारे ४० किलोमीटर खोल झाला होता, आणि भूकंप जितका खोल तितका वर पोहोचणारा हादरा सौम्य, असा नियम आहे. नर्मदा आणि तापी या दोन नद्या सातपुड्याच्या दोन्ही अंगांनी जवळजवळ सरळ रेषेत पश्चिमेकडे वाहतात. याला कारण जमिनीच्या पोटातील फार जुन्या भेगा. याच पट्ट्यात पूर्वेकडे २२ मे १९९७ रोजी जबलपूरचा भूकंप झाला.

भारतीय मानक संस्थेची भूकंपाविषयीची जी संहिता आहे, तिचा क्रमांक आय.एस. १८९३. तिच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांमध्ये देशाचे चार विभाग केले होते. दुसरा विभाग सर्वात कमी धोक्याचा आणि पाचवा सर्वात जास्त धोक्याचा. तापी-नर्मदेचा पट्टा त्यात तिसऱ्या विभागात दाखविला होता, म्हणजे मध्यम धोका. मग पहिला विभाग कुठे गेला? त्याचे उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली, सुमारे ८ हजार माणसे मरण पावली. आणि हा सारा भाग त्या वेळच्या नकाशात पहिल्या विभागात, म्हणजे सर्वात सुरक्षित ठिकाणी होता! २००२ मध्ये नकाशातून पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

कॉम्प्युटर काय सांगत नाही

एक गोष्ट अगोदरच स्पष्ट केलेली बरी. अमुक तारखेला, अमुक वाजता भूकंप होणार, हे सांगणारे सॉफ्टवेअर जगात कोणाजवळही नाही. मोबाइलवर असे निरोप फिरतात, त्यावर विश्वास ठेवू नये.

झालेला भूकंप कुठे झाला, किती खोल झाला, हे मात्र कॉम्प्युटर काही मिनिटांत सांगतो. भूकंपाच्या दोन लाटा निघतात. पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावते, दुसरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने. वीज चमकल्यानंतर गडगडाट किती वेळाने आला, यावरून वीज किती दूर पडली याचा अंदाज आपण घेतो, तसाच हा प्रकार. दोन लाटांमध्ये १० सेकंदांचे अंतर पडले, तर भूकंपाची जागा त्या केंद्रापासून सुमारे ८० किलोमीटर दूर. असे चार-सहा केंद्रांचे आकडे जुळविले की जागा सापडते. पूर्वी हे काम नकाशावर कंपासने वर्तुळे काढून होत असे.

आपल्या कामाचे सॉफ्टवेअर दुसरे. जमीन अशी अशी हलली, तर ही इमारत कशी हलेल आणि तिच्या कोणत्या कॉलमवर, कोणत्या बीमवर किती ताण येईल, हे ते सांगते. स्टॅड, ईटॅब्स, सॅप ही त्यातील नावे आपल्या जिल्ह्यातील इंजिनिअरांच्याही तोंडी असतात. ते काम कसे करते, हे समजायला गणित येण्याची गरज नाही. दुकानाची खतावणी डोळ्यांसमोर आणावी. एका खात्यात रक्कम बदलली की दुसरी चार खाती बदलतात, आणि ती बदलली की आणखी दहा. इमारतीतही तसेच आहे. एक कॉलम थोडा वाकला की त्याला जोडलेले बीम वाकतात, त्यांचे वजन शेजारच्या कॉलमवर जाते. प्रत्येक सांधा म्हणजे एक खाते. तीन मजली साध्या इमारतीतही शे-दोनशे समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. हाताने हे काम करायचे तर महिने जातील, म्हणून जुने इंजिनिअर काही गोष्टी धरून चालत. कॉम्प्युटर ते सेकंदात करतो.

भूकंपाच्या बाबतीत आणखी एक भर पडते. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा एक झोका असतो. मुलाला झोपाळ्यावर बसवून आपण योग्य वेळी हलकासा धक्का देत गेलो, तर झोका वाढत जातो; अवेळी कितीही जोर लावला तरी वाढत नाही. तीन मजली इमारतीचा एक झोका साधारण सेकंदाच्या एक-तृतीयांश वेळाचा असतो, दहा मजलीचा सेकंदाच्या आसपास. जमिनीचा हादरा या तालाशी जुळला तर इमारत जास्त हलते. हा ताल काढणे आणि त्यावरून ताण काढणे, हेच या सॉफ्टवेअरचे मुख्य काम होय.

कोयनेने जगाला दिलेला आकडा

हे सारे हिशेब कागदावरचे, प्रत्यक्षात जुळतात का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचा सर्वात चांगला पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. कोयना धरण १०३ मीटर उंच. त्याची आखणी करताना भूकंपासाठी जुन्या पद्धतीने वजनाच्या ५ टक्के आडवा जोर धरला होता, आणि तो पायापासून माथ्यापर्यंत सारखाच. या हिशेबाने धरणाला कुठेही तडा जायला नको होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६ पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे गेली. धरण उभे राहिले, परंतु त्याच्या उंच भागांना पुढून व मागून आडव्या भेगा पडल्या.

सुदैवाने धरणाच्या आतील बोगद्यात जमिनीचा हादरा नोंदविणारे यंत्र बसविलेले होते. त्याने नदीच्या दिशेने नोंदविलेला सर्वात मोठा झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा होता. म्हणजे आखणीत धरले होते ५ टक्के, आणि क्षणभरासाठी आले ५० टक्क्यांच्या जवळ. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात प्रा. अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी ती नोंद कॉम्प्युटरमध्ये भरली. धरणाच्या भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढला. १९७३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कॉम्प्युटरने दाखविलेला सर्वात मोठा ताण धरणाच्या दोन-तृतीयांश उंचीजवळ होता. तेथे भिंतीचा मागचा उतार एकदम बदलतो, आणि प्रत्यक्षातील भेगाही नेमक्या त्याच ठिकाणी होत्या. जुन्या हिशेबाला जे दिसले नाही, ते नव्या हिशेबाला दिसले. त्या कमजोर भागांना नंतर मागून टेकू बांधून मजबुती देण्यात आली. आजही धरणाचे गणित करणारे एखादे नवे सॉफ्टवेअर आले की, ते बरोबर चालते की नाही हे तपासण्यासाठी कोयनेचे उदाहरण त्यात घालून पाहतात. जगातील कितीतरी विद्यार्थ्यांना पाटण तालुका माहीत नसेल, पण कोयनेचे धरण माहीत असते.

ज्या बर्कलेत हे काम झाले, तेथेच प्रा. एडवर्ड विल्सन यांनी १९७० मध्ये इमारतींच्या हिशेबाचा एक प्रोग्रॅम तयार केला आणि त्याला 'सॅप' असे नाव दिले. इंग्रजी बोलीत सॅप म्हणजे भोळसट, सहज फसणारा माणूस. नाव मुद्दामच तसे ठेवले होते. या प्रोग्रॅमला स्वतःची अक्कल नाही, हे वापरणाऱ्याने विसरू नये, हा हेतू. त्याच विद्यापीठात पाकिस्तानातून शिकायला गेलेले अशरफ हबीबुल्लाह यांनी १९७५ मध्ये कंपनी काढून हे प्रोग्रॅम जगभर नेले. आजचे सॅप २००० आणि ईटॅब्स हे त्याच कंपनीचे. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या हिशेबातही ईटॅब्स वापरले गेले. परंतु विल्सन साहेबांनी नावात घातलेला इशारा बुर्ज खलिफाइतकाच फैजपूरच्या तीन मजली इमारतीलाही लागू आहे. सॉफ्टवेअर भोळे आहे. त्याला जे सांगाल ते खरे मानून ते अगदी बिनचूक हिशेब करते. म्हणून त्याला तीन गोष्टी खऱ्या सांगितल्या की नाहीत, एवढे मालकाने पाहावे.

पहिली गोष्ट : भिंती

पडद्यावर इमारतीचे जे चित्र दिसते, त्यात बहुधा नुसते कॉलम, बीम आणि स्लॅब असतात. विटांच्या भिंतींचे वजन तेवढे बीमवर टाकलेले असते. भिंत म्हणून भिंत चित्रात नसते. त्यामुळे कॉम्प्युटरला तिन्ही मजले सारखेच दिसतात, सारखेच लवचिक. तो म्हणतो, पास.

प्रत्यक्षात काय असते? वरच्या दोन मजल्यांवर चारी बाजूंनी आणि मध्ये विटांच्या भिंती कॉलमना घट्ट चिकटलेल्या असतात. ते मजले एखाद्या पेटीसारखे ताठ होतात. खाली मात्र पुढच्या बाजूला शटर, आणि हॉल मोठा दिसावा म्हणून आतही भिंत नाही. जमीन हलली की वरची जड पेटी जशीच्या तशी राहते आणि सारे हलणे एकट्या तळमजल्याच्या कॉलमवर येते. मोकळ्या टेबलावर लोखंडी कपाट ठेवून टेबल हलविल्यासारखी ही स्थिती आहे. कपाटाला काही होत नाही, टेबलाचे पाय जातात.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. अहमदाबाद त्या केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर. तरीही तेथे बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे मेली. पडलेल्या इमारतींपैकी बऱ्याच अशा होत्या की, खाली गाड्या लावण्यासाठी जागा मोकळी आणि वर भिंतींचे फ्लॅट. आपल्याकडे गाड्यांच्या ऐवजी दुकाने आहेत, एवढाच काय तो फरक. त्यानंतर २००२ च्या संहितेने अशा मोकळ्या मजल्याच्या कॉलम व बीमसाठी अडीचपट जोर धरण्याची सोय केली, आणि २०१६ मध्ये अशा इमारतीत काँक्रीटची भिंत किंवा तिरपे आधार देण्यास सांगितले. भिंती सॉफ्टवेअरमध्ये कशा दाखवाव्यात, याचीही पद्धत त्यात दिली.

दुकानात आणखी एक अडचण असते, ती पिळाची. मागची भिंत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती पक्क्या, पुढची बाजू मोकळी. त्यामुळे इमारत सरळ न हलता मागच्या भिंतीभोवती पिळते आणि पुढच्या रांगेतील कॉलमवर दुहेरी भार येतो. कोपऱ्यावरच्या प्लॉटला किंमत जास्त, पण तेथे दोन बाजू मोकळ्या असल्याने हा पीळही जास्त.

म्हणून इंजिनिअरला विचारावे की, हिशेबात भिंती धरल्या आहेत का आणि तळमजला मोकळा आहे हे सांगितले आहे का. जिन्याच्या बाजूला किंवा मागच्या अंगाला पायापासून माथ्यापर्यंत काँक्रीटची एखादी-दुसरी भिंत घेतली, तर शटर जसेच्या तसे ठेवता येते. मात्र ती कुठे घ्यायची हे इंजिनिअरने ठरवावे. भलत्याच ठिकाणी घेतलेली भिंत पीळ वाढविते.

दुसरी गोष्ट : माल

भूकंपाचा जोर बाहेरून येऊन इमारतीला ढकलत नाही. जमीन सरकते, आणि इमारतीचे वजन जागेवरून हलायला तयार नसते, यातून तो जोर निर्माण होतो. म्हणून जितके वजन जास्त तितका जोर जास्त, आणि वजन जितके उंचावर तितके वाईट.

येथे आपल्या व्यापाऱ्यांची खास गोष्ट येते. नकाशात पहिला मजला 'राहण्यासाठी' असे लिहिलेले असते. राहत्या घराला संहितेप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरतात, आणि भूकंपाच्या हिशेबात त्याचा चौथा हिस्सा घेतात. १ हजार चौरस फुटांच्या मजल्याला हे होते साडेचार टनांच्या आसपास. तोच मजला गोदाम म्हणून सांगितला, तर दर चौरस मीटरला किमान ७५० किलो आणि भूकंपासाठी त्यातील निम्मे. म्हणजे सुमारे ३५ टन! मजला तोच, कॉलम तेच, पण हिशेबात ३० टनांचा फरक.

कापड हलके वाटते. एक तागा उचलून पाहिला तर काहीच नाही. पण साडी, चादरी, ड्रेस मटेरियल यांच्या गाठी छतापर्यंत रचल्या की ते वजन धान्याच्या जवळ जाते. ईदच्या किंवा लग्नसराईच्या अगोदर आपल्या गोदामात किती माल असतो, हे इंजिनिअरला कोण सांगणार? त्याला आपणच सांगायचे. टॅक्स वाचविण्यासाठी किंवा परवानगी लवकर मिळावी म्हणून कागदावर राहणे दाखविले असेल, तर कॉम्प्युटरने कुटुंबाचे वजन धरले आहे, गाठींचे नाही. हार्डवेअर, टाइल्स, किराणा यांच्या व्यापाऱ्यांना तर हे अधिकच लागू आहे. जड माल शक्यतो तळमजल्यावर ठेवावा. गच्चीवरची पाण्याची टाकीही हिशेबात आहे का, हे विचारावे. नंतर चौथा मजला चढविण्याचा बेत असेल तर तो पाया खोदण्याच्या आधीच सांगावा.

तिसरी गोष्ट : पाचचा आकडा

ही गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे आणि ती कारीगर बंधूंनी नीट वाचावी.

समजा, इमारतीचे एकूण वजन ३०० टन आहे. तिसऱ्या विभागातील दोन-तीन मजली इमारतीला २०१६ च्या संहितेच्या हिशेबाने वजनाच्या सुमारे २० टक्के, म्हणजे ६० टन आडवा जोर येतो. पण इंजिनिअर कॉलमची आखणी ६० टनांसाठी करत नाही. तो सॉफ्टवेअरच्या एका चौकोनात ५ हा आकडा भरतो. कॉम्प्युटर ६० ला ५ ने भागतो आणि आखणी १२ टनांसाठी होते. शंभर रुपयांच्या बिलावर ऐंशी रुपये सूट! ही सूट संहितेनेच दिली आहे, यात फसवणूक नाही. ६० टनांसाठी बांधायचे तर कॉलम एवढे जाड होतील की दुकानात गिऱ्हाईकाला उभे राहायला जागा उरणार नाही.

पण व्यापारात अटीशिवाय सूट मिळत नाही, तशी येथेही एक अट आहे. मोठ्या भूकंपात इमारत वाकेल, तडकेल, पण तुटणार नाही, अशी तिची बांधणी पाहिजे. खडू एकदम मोडतो, लोखंडी तार वाकत राहते. काँक्रीटचा स्वभाव खडूचा आहे. त्याला तारेचा स्वभाव येतो तो आतल्या रिंगांमुळे. ही अट आय.एस. १३९२० या दुसऱ्या संहितेत लिहिलेली आहे. योगायोग असा की, ती प्रथम निघाली ती किल्लारीच्या वर्षी, १९९३ मध्ये. साध्या बांधणीसाठी ५ च्या ऐवजी ३ चा आकडा असतो, पण तिसऱ्या विभागात तशी साधी बांधणी २०१६ च्या संहितेने मान्यच केली नाही.

रिंग कशासाठी? कापडाची गाठ दाबून तिला लोखंडी पट्टी मारतात, ती कशासाठी असते हे आपल्याला सांगायला नको. पट्टी सुटली की गाठ फुटते. कॉलमवर वरून दाब आणि बाजूने हिसका आला की आतले काँक्रीट बाहेर फुटू पाहते. रिंग त्याला धरून ठेवते. आता रिंगचे टोक जर नुसते काटकोनात वाकविले असेल, तर वरचे प्लास्टर आणि सिमेंटचा थर उडाल्याबरोबर ते टोक उघडते आणि रिंग निरुपयोगी होते. म्हणून टोक १३५ अंशात, म्हणजे काटकोनाच्याही पुढे आत वळवून कॉलमच्या पोटात घालायचे आणि ते किमान अडीच इंच लांब ठेवायचे. कॉलमच्या वरच्या व खालच्या टोकाला, बीमच्या सांध्याजवळ, साधारण दीड फुटाच्या पट्ट्यात रिंगांमधील अंतर ४ इंचांपेक्षा जास्त नको. सांध्याच्या आतसुद्धा रिंग पाहिजे. तेथे हात जात नाही म्हणून ती बहुतेक वेळा राहून जाते. सळईचा जोड स्लॅबच्या लगेच वर न देता कॉलमच्या मधल्या भागात द्यायचा. आणि भिंतीत लपावा म्हणून ९ इंचांचा कॉलम घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती या संहितेत बसत नाही. २०१६ च्या आवृत्तीने कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास १ फूट मागितली आहे.

इंजिनिअरने ५ भरले, म्हणजे सळई बांधणाऱ्या कारीगराच्या वतीने त्याने वचन दिले. कारीगराला मात्र त्याची खबर नसते. त्याला नगावर किंवा टनावर मजुरी ठरलेली असते. १३५ अंशात वळवायला वेळ जास्त लागतो, जवळ जवळ रिंग बांधायला तार आणि हात दोन्ही जास्त लागतात. ठेकेदार म्हणतो, उरक. मालकाला फरक दिसत नाही, कारण दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले की सारे झाकले जाते. माझे मत असे आहे की, या कामाची मजुरी मालकाने वेगळी ठरवून द्यावी. इंजिनिअरच्या फीमध्येही प्रत्येक कॉलम भरण्यापूर्वी एकदा येऊन पाहण्याचे पैसे धरावेत. टाइल्ससाठी आपण जळगावच्या चार दुकानांच्या चकरा मारतो. मग काँक्रीट पडण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतः उभे राहून रिंगा मोजायला काय हरकत आहे? मोबाइलवर फोटोही काढून ठेवावेत.

तुर्कस्तानात हेच घडले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तेथे ५० हजारांहून अधिक माणसे गेली. तुर्कस्तानची भूकंप संहिता जुनी किंवा कमजोर नव्हती. इंजिनिअर आणि सॉफ्टवेअर यांचीही तेथे वाण नव्हती. परंतु पुष्कळ बांधकामे संहितेप्रमाणे झालेली नव्हती, आणि २०१८ मध्ये तर सरकारने पैसे भरून घेऊन बेकायदा बांधकामे कायम करून दिली होती. नियमित झालेला कागद कॉलमला टेकू देत नाही.

उभ्या असलेल्या इमारतीचे काय, असे बरेच जण विचारतील. ती पाडायची गरज नाही. इंजिनिअर तिचे मोजमाप घेऊन, काँक्रीटची ताकद तपासून तीच इमारत सॉफ्टवेअरमध्ये उभी करू शकतो आणि कोणते कॉलम कमी पडतात हे दाखवू शकतो. अशा कॉलमना बाहेरून नवी सळई व काँक्रीटचा वेढा देता येतो किंवा दोन कॉलममध्ये भिंत भरता येते. प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी आय.आय.टी. कानपूरमध्ये असताना भूकंपाविषयी सोप्या भाषेत २४ लहान टिपा लिहिल्या आहेत. त्या फुकट मिळतात आणि हिंदीतही आहेत. आपल्या मदरशांत किंवा उर्दू शाळांत नवीन खोल्या बांधणाऱ्या विश्वस्त मंडळींनी त्या अवश्य पाहाव्यात, कारण तेथे एका छताखाली शेकडो मुले बसतात.

आता राहिली जुनी धाब्याची घरे, जी गावठाणात आणि आसपासच्या खेड्यांत अजून उभी आहेत. येथे सॉफ्टवेअर फारसे उपयोगी पडत नाही. दगड-मातीच्या भिंतीची ताकद एका हातावर एक तर दुसऱ्या हातावर वेगळी. भोळ्या कॉम्प्युटरला काय सांगणार? किल्लारीत ज्या घरांनी माणसे मारली ती अशीच होती. जाड दगडी भिंती, मातीची जोडणी आणि माथ्यावर वर्षानुवर्षे साठलेली माती. तेथे पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली. भिंती ढासळल्या, तरी बऱ्याच घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. म्हणून खांब व तुळईचा सांधा तिरप्या लाकडाने पक्का करावा. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांपासून सुटू नये, यासाठी ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरावे. आणि माथा हलका करावा. दर पावसाळ्याच्या आधी धाब्यावर नवी माती पडते, जुनी मात्र कोणी काढत नाही. १२ बाय १० फुटांच्या खोलीवर २ फूट माती साठली असेल तर ते सुमारे ११ टन होतात. ती आठ इंचांवर आणून खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर पाणीही गळत नाही आणि एका खोलीवरून ७ टन उतरतात. त्यासाठी दोन मजूर आणि ट्रॅक्टरच्या दोन-तीन फेऱ्या लागतात.